बर्फावरची बाई आणि कांद्याची गोणी

मंडळी, पत्रिकेवर माझ्या नावापुढे 'मुक्त शैक्षणिक संसाधने' असं छापलंय, म्हणजे कुणालाही वापरता, बदलता आणि पुन्हा वाटता येईल असं शिकवण्याचं साहित्य. संसाधने म्हटलं की आपल्याला आधी अनुदान आठवतं. म्हणून तो शब्द थोडा बाजूला ठेवतो आणि एका गणितापासून सुरुवात करतो.

अमेरिकेत ह्यूस्टनला राइस विद्यापीठ आहे. त्यांच्या ओपनस्टॅक्स या उपक्रमाने २०१२ साली 'कॉलेज फिजिक्स' नावाचं जाडजूड पाठ्यपुस्तक नेटवर मोफत दिलं. त्यात न्यूटनच्या नियमांच्या प्रकरणात एक बाई बर्फाच्या उतारावरून स्की करत येते. साहित्यासकट वस्तुमान ६० किलो, उतार २५ अंशांचा. घर्षण धरलं नाही तर त्वरण किती, आणि घर्षण ४५ न्यूटन असेल तर किती? उत्तरं ४.१४ आणि ३.३९ मीटर प्रति सेकंद वर्ग. गणित नेटकं आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

पण माझा वर्ग नाशिक जिल्ह्यातला. बर्फ पोरांनी पाहिला तो रसवंतीवर. स्की म्हणजे काय हे सांगण्यात माझी दहा मिनिटं जायची आणि तेवढ्यात मागचा बाक झोपायचा. एका वर्षी मी त्या बाईला रजा दिली. तिच्या जागी ट्रकच्या फाळक्याला लावलेली फळी आणि फळीवरून खाली सोडलेली ५० किलोची कांद्याची गोणी घेतली. कोन तोच, घर्षणही तेच ४५ न्यूटन. स्वतःवर खूश होऊन गणित फळ्यावर मांडलं.

तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, एवढ्या उताराला गोणी घसरत नाही. ढकलावी लागते." त्याचे वडील मार्केट यार्डात हमाली करतात.

हिशेब केला तर त्याचंच खरं. ५० किलोच्या गोणीला ४५ न्यूटन घर्षण म्हणजे घर्षणगुणांक, म्हणजे घर्षणाचं फळीवरच्या दाबाशी गुणोत्तर, सुमारे ०.१. हा आकडा बर्फाचा, बारदानाचा नव्हे. २५ अंशांवर वस्तू आपोआप घसरायची तर गुणांक ०.४७ च्या आत हवा. मग आम्ही फळी आणली, गोणी आणली, मोबाइलमधल्या कोनमापकाने कोन मोजत फळी हळूहळू उचलली. गोणी सुटली ती तिशीच्या आसपास. वस्तू ज्या कोनाला सुटते त्याची टॅन्जंट म्हणजेच घर्षणगुणांक. ३० अंशांची टॅन्जंट काढा, ०.५८ येते. पुस्तकातलं गणित तिथे मोडलं आणि आमचं स्वतःचं तयार झालं.

आता मुद्द्यावर येतो. हे मला करता आलं आणि करून नेटवर ठेवता आलं, कारण त्या पुस्तकाचा परवाना तशी मुभा देतो. क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेचा 'सीसी बाय' परवाना. वापरा, बदला, भाषांतर करा, छापून विकलंत तरी चालेल. मात्र मूळ कर्त्याचं नाव द्या, परवान्याचा दुवा द्या आणि आपण काय बदललं ते सांगा.

आपल्याकडे सगळा घोळ होतो तो 'फुकट' आणि 'मुक्त' यांत. यूट्यूबवरचं व्याख्यान फुकट असतं, पण त्याचा तुकडा कापून, मराठी आवाज देऊन पुन्हा चढवायची परवानगी बहुतेक वेळा नसते. व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारी प्रकाशकाच्या पुस्तकाची पीडीएफ तर सरळ चोरी आहे. हो, आपण सगळ्यांनी ती पाठवलेली आहे, हसू नका. कुणी लगेच प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्स दुकानावर भरलेल्या खटल्याचं नाव काढेल. बरोबर आहे, २०१६ साली उच्च न्यायालयाने वर्गासाठी झेरॉक्स संच काढण्याच्या बाजूने निकाल दिला. तो मोठाच दिलासा होता. पण त्या निकालाने नक्कल काढता येते, स्की करणाऱ्या बाईच्या जागी गोणी ठेवून ते प्रकरण आपल्या नावाने जगाला देता येत नाही. त्यासाठी परवानाच लागतो. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाने २००१ मध्ये आपले अभ्यासक्रम खुले करण्याची घोषणा केली, २००२ मध्ये युनेस्कोच्या बैठकीत या साहित्याला 'मुक्त शैक्षणिक संसाधने' हे नाव मिळालं आणि त्याच डिसेंबरात क्रिएटिव्ह कॉमन्सचे पहिले परवाने आले. गाडीला चाक लागलं ते त्या परवान्यांमुळे.

आता तयार करण्याबद्दल. पुस्तक लिहायला बसू नका. त्याच्या प्रस्तावनेतच निवृत्ती येते. एक गणित, एक आकृती, एक प्रयोग एवढं पुरे. आणि ते दुसऱ्याला उघडून बदलता येईल अशा फायलीत द्या. वहीची पानं स्कॅन करून केलेली पीडीएफ म्हणजे कुलूपबंद कपाट. आत काय आहे ते दिसतं, हात लावता येत नाही. मी माझ्या २००९ च्या नोट्स परवा उघडल्या. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या. तो फॉन्ट आता माझ्या संगणकावर नाही, त्यामुळे पानभर नुसते किडेमुंगे. पूर्ण घटक पुन्हा युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येईल अशा लिपीत, टाइप करावा लागला. तो करताना मे महिना गेला आणि घरच्यांची बोलणी खाल्ली ती वेगळी.

भाषांतर कसं करावं हे पाहायचं असेल तर आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्प पाहा. पडद्यावर इंग्रजीच सॉफ्टवेअर चालतं, कारण पोराला पुढे तेच वापरायचंय. आवाज मात्र मराठी किंवा तमिळ. आधी मजकूर लिहितात, कुठलं वाक्य कितव्या सेकंदाला येणार ते ठरवतात, मग ध्वनिमुद्रण. परिभाषेसाठी भाषा संचालनालयाचे कोश आहेतच, पण तिथला शब्द वर्गात अडला तर 'फ्रिक्शन' म्हणायला लाजू नका.

पदोन्नतीला याचा काय उपयोग, हा प्रश्न तुमच्या चेहऱ्यावर मला दिसतोय. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमांत ई-साहित्य तयार करण्याला गुण आहेत. पण दुसऱ्याचं गणित दुरुस्त केलं, याचं प्रमाणपत्र कुठल्या फायलीला लावायचं ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

माझी गोणी मी नेटवर ठेवली. खाली चार ओळी लिहिल्या: मूळ पुस्तक, परवाना, दुवा, आणि 'बर्फाच्या जागी फळी, घर्षणाचा आकडा नव्याने मोजला'. दीड वर्षाने रत्नागिरीकडच्या एका प्राध्यापक बाईंचा मेल आला. त्यांनी गोणीच्या जागी वाळूवरून पाण्यात लोटायची होडी घेतली होती. खालच्या चार ओळींत पाचवी घातली होती: 'त्वरणाच्या उत्तरातली चूक दुरुस्त केली'. मी चिडून कागद घेतला आणि ताडून पाहिलं. गोणी सुटते त्या कोनावरून मिळतो तो स्थितिक, म्हणजे वस्तू थांबलेली असतानाच्या घर्षणाचा गुणांक. घसरू लागल्यावर गतिक घर्षण लागतं, ते कमी असतं. मी ०.५८ च दोन्हीकडे वापरला होता, आणि दोन वर्गांना तसंच शिकवलं होतं.