डोमकावळ्यांची नोंद

हिंगोली जिल्हा. ज्योतिर्लिंगाचं औंढा नागनाथ. याच तालुक्यात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा काटकोनात उभ्या राहणार आहेत. लायगो-इंडिया, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा! एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २,६०० कोटींच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली.

दूर अवकाशात दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळतात, त्यातून गुरुत्वीय लहर उठते आणि इथल्या भुजेची लांबी बदलते. किती? प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लिव्हिंगस्टन आणि हॅनफर्डच्या वेधशाळांनी अशी लहर पहिल्यांदा टिपली.

(दृश्य : नियंत्रण कक्ष, पडद्यावर आलेख)

एवढ्या नाजूक यंत्राला काहीही बाधतं. २०१७ मध्ये हॅनफर्डच्या आलेखात मधूनच खटके दिसू लागले. शोध घेता घेता माणसं बाहेरच्या एका नळीपाशी पोचली. द्रव नायट्रोजनच्या यंत्रणेची ती नळी, तिच्यावर बर्फ साचलेला आणि बर्फावर चोचीच्या खुणा. तहानलेले डोमकावळे तो टोचून खात होते!

हे कुठल्या आराखड्यात सापडणार? ते सापडतं रोजच्या नोंदवहीत. हॅनफर्डच्या पाळीवरची माणसं काय बिघडलं, काय करून पाहिलं, ते तिथे लिहून ठेवतात. ती वही जगात कुणालाही वाचता येते. इटलीतली व्हर्गो, जपानमधली काग्रा या अशाच वेधशाळांतली माणसंही याच गोतावळ्यातली. बिघाड एकाकडे होतो, शहाणी सगळी होतात.

आपल्याकडे काम चार संस्थांत वाटलेलं आहे : पुण्याचं खगोलशास्त्राचं केंद्र आयुका, इंदूरचं प्रगत तंत्रज्ञानाचं केंद्र आरआरकॅट, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि अणुऊर्जा विभागाची बांधकाम शाखा. कुणाकडे आरसे, कुणाकडे निर्वात नळ्या. कागदावर वाटणी सोपी असते. पण आरसा टांगणारा हात आणि निर्वात राखणारा हात एकाच टेबलाशी बसून चहा पितात का, यावर फार काही अवलंबून आहे. आणि मला मनापासून वाटतं, त्या टेबलाशी हिंगोली-परभणीची आयटीआय, डिप्लोमा झालेली मुलंही हवीत, तीही पहिल्या दिवसापासून.

(दृश्य : वसमतचा हळद बाजार, ट्रॅक्टरची रांग)

कारण इथली थरथर त्यांना ठाऊक आहे. हळदीच्या हंगामात कोणता रस्ता रात्रभर वाहतो, काळी माती उन्हाळ्यात कशी भेगाळते, खदानीत सुरुंग कधी उडतात. पांगरा शिंदे परिसरात तर जमिनीच्या पोटातून आवाज येतात, आणि तिथले लोक ते कित्येक वर्षं ऐकत आले आहेत.