स्टेअरिंगचा झोल

(दृश्य : वडाळा ट्रक टर्मिनल, सकाळ. उभ्या गाड्यांच्या रांगेतून कॅमेरा पुढे सरकतो.)

वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलला सकाळी साडेसातला आलात तर दोन वास हमखास येतात, एक चहाचा आणि एक ग्रीसचा. रात्रभर गाडी मारून आलेले ड्रायव्हर केबिनमध्येच आडवे झालेले असतात. क्लीनर पोरं बाटलीतल्या पाण्याने तोंड धुतात. गॅरेजवाल्यांचे जॅक, घोड्या, टॉम्या एकेक करून बाहेर यायला लागतात.

आजची पेशंट ही जुनी टाटा १६१३, बोलीभाषेत सोळा-तेरा. पॉवर स्टेअरिंग नाही. दारूखान्यातून भंगार भरायचं आणि कळंबोलीला नेऊन टाकायचं, हा तिचा धंदा. मालक स्वतःच चालवतात. वय साठीला टेकलंय. गॅरेजात सगळे त्यांना मामा म्हणतात.

मामांची तक्रार एका दमात सांगून होते.

“मिस्त्री, स्टेअरिंग पार मोकळं झालंय. आणि पन्नासला गेली की हात मारते.”

हात मारते म्हणजे स्टेअरिंग हातात थडथडतं. घरी जाऊन जेवायला बसलं तरी मनगटात ते जाणवत राहतं, असं मामा म्हणतात.

मिस्त्री पान्याला हात लावत नाहीत. आधी विचारतात.

“ब्रेक मारल्यावर वाढतं?”

“नाही.”

“खड्ड्यात आदळल्यावर सुरू होतं, का सपाटीला पण?”

“सपाटीला पण. पन्नास-पंचावन्नला लय, साठला जरा कमी.”

या प्रश्नांवर अर्धं काम होतं. ब्रेकवर थरथर वाढली असती तर संशय ड्रमवर गेला असता. ड्रम गोल न राहता लंबुळका झाला की असं होतं. खड्ड्यानंतर दोन्ही पुढची चाकं एकदम नाचायला लागली असती, तर किंगपिन (ज्या जाड खिळीवर पुढचं चाक वळतं ती) आणि कमानीचे बुश, म्हणजे स्प्रिंगच्या सांध्यातल्या नळ्या, आधी बघायचे. आणि ठरावीक स्पीडलाच हात मारत असेल, तर खोट बहुधा चाकात किंवा टायरात.

मामा मडगार्डवर बोटं आपटून त्या थडथडीचा ठेका धरून दाखवतात. ठक-ठक-ठक-ठक. मिस्त्री मान हलवतात. या मापाचा टायर एका फेऱ्यात जवळपास सव्वातीन मीटर जातो. ५० च्या स्पीडला चाक सेकंदाला ४ वेळा फिरतं. मामांचा ठेकाही तेवढाच. हिशेब कुणी मांडला नाही, पण मिस्त्रींच्या कानाला तो ओळखीचा आहे.

(दृश्य : केबिन. स्टेअरिंगच्या कडेवर खडूची रेघ.)

आता झोल मोजायचा, म्हणजे चाक हलायच्या आधी स्टेअरिंग किती रिकामं फिरतं ते. स्टेअरिंगच्या कडेवर एक रेघ, समोर डॅशबोर्डवर दुसरी. गॅरेजातलं पोरगं, बारक्या, स्टेअरिंग हळूच फिरवतं, आणि खाली चाक जरा हललं की मिस्त्री ओरडतात, “बास!” दोन रेघांमधलं अंतर जवळजवळ वीतभर.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत, ९८ व्या नियमात, या झोलाची हद्द ठरवलेली आहे : ३० अंश. घड्याळात बाराच्या आकड्यापासून एकच्या आकड्यापर्यंत. एवढ्या मोठ्या स्टेअरिंगवर ते साधारण १३ सेंटीमीटर भरतं. मामांची गाडी ती हद्द कधीच ओलांडून गेली आहे.

एवढा झोल येतो कुठून? बहुतेक वेळा एका जागेवरून नाही. स्टेअरिंगचा दांडा खालच्या बॉक्समध्ये जातो. बॉक्समधून ड्रॉप आर्म बाहेर येतो, तो ड्रॅग लिंक ढकलतो, ड्रॅग लिंक ड्रायव्हरच्या बाजूचं चाक वळवते. क्लीनरच्या बाजूच्या चाकाला हुकूम मिळतो तो टायरॉडमधून, दोन्ही चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्यातून, म्हणजे एका हाताने उशिरा. वाटेतला प्रत्येक सांधा थोडा थोडा खातो आणि वर ड्रायव्हरच्या हातात सगळ्यांची बेरीज येते. म्हणूनच दोन्ही चाकं उशिरा हलत असतील तर शोध बॉक्स आणि ड्रॅग लिंककडे, एकटं डावंच उशिरा हलत असेल तर टायरॉडकडे.

(दृश्य : गाडीखाली. पुठ्ठ्यावर आडवे मिस्त्री.)

गाडी अजून जॅकवर घेतलेली नाही, आणि हे मुद्दाम. चाकं जमिनीवर असली की रस्ता त्यांना धरून ठेवतो. उचलली की सगळं एकत्र हलतं आणि झोल लपतो.

वर बारक्या स्टेअरिंग डावी-उजवीकडे हलवतोय, थोडं थोडं, न थांबता. खाली मिस्त्रींची दोन बोटं एकेका सांध्यावर. बॉक्सपाशी काही नाही. ड्रॉप आर्म ठीक. ड्रॅग लिंकच्या टोकाच्या बॉल जॉइंटवर बोटं थांबतात. कॅमेऱ्याला इथे काहीच दिसत नाही. मी हात लावून बघितला. प्रत्येक हेलकाव्याला आतून टक् असा बारीक ठोका लागतो, झाकण सैल झालेल्या डबीसारखा. रबरी टोपी फाटलेली, आतलं ग्रीस गंजाच्या रंगाचं.

ग्रीसचा तो रंग म्हणजे मुंबईचा पावसाळा. हिंदमाता, गांधी मार्केटच्या तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली की फाटलेल्या टोपीतून पाणी आत शिरतं आणि ग्रीस बाहेर येतं. पुढचे खड्डे मग सुक्या लोखंडावर झेलायचे.

आता जॅक. पुढचा अॅक्सल उचलून खाली घोडी लावली. १९५४ मध्ये टेल्कोने (आजची टाटा मोटर्स) डाइम्लर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले, त्या पिढीतला पुढच्या अॅक्सलचा मूळ बेतच इथेही दिसतो : एक जाड आडवा दांडा आणि दोन टोकांना दोन किंगपिन. मिस्त्री टायर वर आणि खाली धरून हलवतात. डावं चाक कुरकुरतं.

“बारक्या, ब्रेक दाब.”

हलणं हबच्या बेअरिंगमुळे असेल, तर ब्रेक दाबल्यावर थांबतं. इथे थांबत नाही. म्हणजे किंगपिन.

मामा तेवढ्यात सांगून टाकतात की मागच्या महिन्यात एका ठिकाणी बॉक्सचा स्क्रू आवळून घेतला होता. “दोन दिवस बरं वाटलं. मग वळणावरून स्टेअरिंग परत येईना.” येणार कसं? बॉक्स सगळ्यात जास्त झिजतो तो मधोमध, सरळ चालताना. तिथला झोल जाईपर्यंत स्क्रू आवळला की वळणावर, जिथे झीज नाही तिथे, दात आवळून बसतात. दहा मिनिटांचं काम आणि चहापाण्याचे पैसे. माझ्या मते गॅरेजधंद्यातला हा सगळ्यात महागात पडणारा स्वस्त इलाज. मिस्त्री तो स्क्रू आधी होता तिथे आणून ठेवतात.

किंगपिन काढण्यात दुपार गेली. गॅसने तापवा, घण घाला, शिव्या द्या. निघालेला वरचा बुश एका बाजूने इतका खाल्लेला की नख अडकतं. खालचा मात्र बरा. कारण मिस्त्री सांगतात : ग्रीस गाडी जमिनीवर ठेवूनच मारलं जात होतं. भाराखाली दबलेल्या बाजूला ते पोचतच नाही. अॅक्सल उचलून मारायचं असतं. नवा बुश बसवून, रीमर फिरवून, तेल लावलेली पिन हाताने सरकेल एवढी जागा केली. ड्रॅग लिंकला नवा एंड. स्प्लिट पिना नव्या.

(दृश्य : हातात खडू, फिरतं चाक.)

थडथड राहिलीच आहे. ती झोलाची नव्हती. झोलामुळे हातापर्यंत जोरात येत होती, एवढंच. उचललेलं उजवं चाक फिरवून मिस्त्री टायरजवळ खडू स्थिर धरतात. खडू एकाच जागी घासतो. तिथे टायर बोटभर फुगलाय. रिमोल्ड केलेला, म्हणजे झिजल्यावर नवं रबर चढवलेला टायर, आतून सुटत आलेला.

“मागच्या जोडीत टाकू?” मामा विचारतात.

“मामा, कुठेच नको.”

संध्याकाळी शिवडीच्या बाजूला एक फेरी झाली. मामा काही बोलले नाहीत. परत आल्यावर त्यांनी स्टेअरिंग हलवून रेघा बघितल्या. दोन बोटं.

बारक्या ओल्या फडक्याने डॅशबोर्ड पुसायला पुढे झाला, तर मामांनी त्याचा हात धरला.

“राहू दे रे रेघा. पाऊस संपला की परत बघू.”