खेळाचे सर आणि मुरमाचं मैदान

नमस्कार श्रोतेहो.

दर्यापूर तालुक्यातल्या ज्या हायस्कुलात मी शिकले, तिथले खेळाचे सर मागच्या उन्हाळ्यात गेले. गावात लहानथोर सगळे त्यांना पीटी सरच म्हणायचे, म्हणून मीही तसंच म्हणते.

त्यांच्याबद्दल बोलायचं तर आधी आमच्या मातीबद्दल बोलावं लागतं. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी खारट आणि जमीन काळी, खोल. पावसात ती पायाला लोंबते, चप्पल ओढून घेते. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की लहान पोराचा पाय आत जावा. खो-खोत सूर मारायचा असतो, खांबाला वळसा घालताना पाय रोवायचा असतो. ते या जमिनीवर कसं व्हावं? सर रुजू झाले तेव्हा शाळेमागे नुसतं वावर होतं. मुरूम आमच्याकडे निघत नाही, लांबून आणावा लागतो. गावात ज्यांच्याकडे ट्रॅक्टर होते त्यांची सरांनी यादी केली आणि पैसे न मागता प्रत्येकाला मुरमाची एकेक ट्रॉली मागितली. कोणी कापूस विकल्यावर टाकली, कोणी दोन वर्षांनी. पण ज्याने कबूल केलं त्याच्या दारावरून जाताना सर दर वेळी रामराम घालायचे, आणि तो रामराम कशाचा आहे हे त्या माणसाला बरोबर कळायचं.

सर अमरावतीला, हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकले होते. अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी १९१४ साली उभी केलेली ही संस्था. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी इथल्या चमूने तिकडे जाऊन आपल्या देशी खेळांची आणि व्यायामाची प्रात्यक्षिकं दाखवली होती. सर हे वर्गात फार अभिमानाने सांगायचे. अमरावती आमच्यापासून लांब नाही, पण त्या वयात आम्हाला ती बर्लिनएवढीच दूर वाटायची.

मुलांचा कबड्डीचा संघ शाळेत आधीपासून होता. मुलींचा खो-खोचा संघ सरांनी उभा केला, आणि माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम तेच. घरोघरी एकच उत्तर मिळायचं, "सर, पोरगी मैदानात पयते म्हटल्यावर लोकं काय म्हणतीन?" सर त्यावर वाद घालत नसत. चड्डीवर आक्षेप होता, तर त्यांनी गावच्या शिंप्याकडून सगळ्या मुलींना सारखे पायजमे शिवून घेतले. बाहेरगावच्या सामन्याला सोबत बाई माणूस नाही, ही अडचण होती, तर त्यांच्या घरच्या काकू प्रत्येक वेळी एसटीत आमच्यासोबत असायच्या. काकूंच्या पिशवीत भिजवलेले हरभरे, गूळ, पट्टी, टिंक्चर आणि पाळीच्या वेळी लागणारं सामान असायचं. आम्ही कोणीही काकूंजवळ न लाजता मागायचो. आमच्या घरांत ही सोय तेव्हा नव्हती.

खरी अडचण कापसाची होती. शाळेच्या स्पर्धा तालुक्यापासून सुरू होतात, मग जिल्हा, मग विभाग, आणि तिथवर पोचेपर्यंत शेतात वेचणी लागलेली असते. वेचणीचे पैसे किलोवर मिळतात. घरातले दोन हात कमी झाले तर त्या आठवड्याच्या बाजारात ते दिसतं. सर स्वतः कास्तकाराच्या घरचे. ते बापाला म्हणायचे, "भाऊ, पोरीले वावरात न्या, मी नाही म्हणत नाही. फक्त सकायचा एक तास मले द्या." मग सराव पहाटे साडेपाचला. सात वाजता आम्ही ओढणी डोक्याला बांधून वावरात. संघातल्या एकीच्या आईचं बाळंतपण झालं, तेव्हा ती लहान भावाला घेऊन मैदानावर यायची. काकू त्याला सांभाळायच्या आणि ती खेळायची.

खो-खो ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आठ जणी मधल्या पाटीवर, म्हणजे मैदानाच्या मधोमध आखलेल्या पट्ट्यावर, एकीआड एक उलट तोंडाने बसतात, नववी पाठलाग करते. तिने एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत गेल्याशिवाय मागे वळता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही. समोरची मात्र कुठूनही निसटू शकते. म्हणून नुसतं वेगाने पळून गडी बाद होत नाही. योग्य क्षणी बसलेलीला खो द्यावा लागतो. आम्ही गडी मारला की टाळ्या वाजवायचो. सर टाळ्या वाजवायचे तिच्यासाठी, जिने त्याआधीचा खो वेळेवर दिला. आणि जी बसल्या बसल्या इकडेतिकडे बघायची, तिला सगळ्यात जास्त बोलणी बसायची. "बसलेली पोरगी झोपली की संघ झोपला," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

बक्षिसं आली. त्यांची यादी मी वाचत नाही, ती शाळेच्या कपाटात आहे. पण सरांची लोखंडी पेटी सांगितलीच पाहिजे. प्रत्येक खेळाडूचा जन्मदाखला, बोनाफाईड, प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स गावानुसार लावून त्यात ठेवलेल्या. शाळा सोडून वर्षं झालेली मुलगी पोलीस भरतीचा फॉर्म भरायला निघाली की आधी सरांकडे यायची. भरतीत मुलींना आठशे मीटर, शंभर मीटर आणि चार किलोचा गोळा असतो. तो गोळा सरांनी स्वतःच्या पगारातून आणला होता. आज खाकीत असलेल्या आमच्या गावच्या मुलींनी तो फेकूनच हात तयार केला.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या मुलींनी प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली तो जिंकला, मुलांनीही जिंकला. सरांनी ते टीव्हीवर पाहिलं. आजारी होते, तरी मध्येच उठून बसले आणि म्हणाले, "पाय बघ तिचे, पाय."

सर निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागी खेळाचे दुसरे सर आले नाहीत. आसपासच्या छोट्या शाळांचं तर विचारूच नका. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर असेल तरच शारीरिक शिक्षणाला अंशकालीन निदेशक मिळतो. आमच्याकडच्या कितीतरी गावांत तेवढी मुलंच नाहीत. मग त्या गावच्या पोरीने पळायचं शिकायचं कोणाकडून? हा प्रश्न मी शिक्षक म्हणूनही विचारते आणि त्या मैदानावर वाढलेली म्हणूनही. पट कमी आहे म्हणून मुलीच्या वाट्याचा खेळ कमी व्हावा, हे मला मान्य नाही.

म्हणून आम्ही जुन्या खेळाडूंनी पाळी लावून घेतली आहे. कोणी सुटीवर आलेली पोलीस, कोणी अंगणवाडीत, कोणी घरचं वावर बघणारी. मैदानावर यंदा नवा मुरूम पडला आहे, तीन ट्रॉल्या अजून यायच्या आहेत, आणि ज्यांनी कबूल केल्यात ते आत्ता हे ऐकत असतील, त्यांना माझा रामराम. सराव पहाटे साडेपाचलाच असतो. शेजारच्या गावांतल्या आईवडिलांनी मुलींना बेधडक पाठवावं. जन्मदाखल्याची एक झेरॉक्स सोबत द्या, पेटीत ठेवायला.

नमस्कार.