चौथीचा इतिहास, इथला आणि तिथला

(कॅलिफोर्नियातील सॅन फ्रान्सिस्को खाडी परिसरातल्या मराठी मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषणाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

जेवणाची रांग लागायच्या आत आटोप, असं अध्यक्षांनी मला दोनदा बजावलंय. तेव्हा पाल्हाळ न लावता सुरुवात करते. आपल्यात अमेरिकेच्या इतिहासाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: "यांना कसला आलाय इतिहास? अडीचशे वर्षांचा तर देश!" असं म्हणणारे काका त्याच शनिवारी कपाट घ्यायला एमरीव्हिलच्या आयकियात जातात. त्या रस्त्याचं नाव शेलमाउंड स्ट्रीट. तिथे ओलोनी या इथल्या मूळ रहिवाशांच्या पूर्वजांचा साठ फुटांहून उंच ढिगारा होता. पिढ्यान्‌पिढ्या खाल्लेल्या शिंपल्या, चुलीतली राख आणि त्यातच पुरलेली आपली माणसं. त्याचा तळचा थर सुमारे २,८०० वर्षांचा, म्हणजे सातवाहनांच्याही आधीचा. १९२४ मध्ये तो सपाट करून टाकला. नेल्स नेल्सन या संशोधकाने १९०९ च्या आपल्या अहवालात सॅन फ्रान्सिस्को खाडीभोवती असे सव्वाचारशे ढिगारे नोंदवले होते. आपली घरं, ऑफिसं, पार्किंग लॉट यातल्या कशाकशावर उभे आहेत, देव जाणे.

मी इथल्या एका पब्लिक स्कूलमध्ये चौथीला शिकवते. कॅलिफोर्नियात तिसरीला आपल्या गावाचा इतिहास, चौथीला राज्याचा आणि पाचवीला देशाचा. आता आठवा, महाराष्ट्रात आपण तिसरीला आपला जिल्हा शिकलो आणि चौथीला शिवछत्रपती. नऊ-दहा वर्षांच्या पोराला आपल्या मातीची गोष्ट सांगावी, हे दोन्हीकडच्या शहाण्या माणसांना स्वतंत्रपणे सुचलंय. टेक्सासमध्ये तर चौथीला एकदा आणि सातवीला पुन्हा एकदा टेक्सासचाच इतिहास असतो. ऑस्टिनहून बदली होऊन आलेल्या घरातलं मूल माझ्या वर्गात येतं ते डोक्यात टेक्सासच्या स्वातंत्र्ययुद्धातलं १८३६ चं अलामो घेऊन. ते अलामोसुद्धा मुळात स्पॅनिश मिशनच, म्हणजे मूळ रहिवाशांना ख्रिस्ती करण्यासाठी पाद्र्यांनी वसवलेलं ठाणंच होतं, हे त्याला इथे आल्यावर कळतं आणि ते चाट पडतं.

तर मिशन. कॅलिफोर्नियात १७६९ मध्ये सॅन दिएगोला पहिलं, १८२३ मध्ये सोनोमाला शेवटचं, एकूण एकवीस. वर्षानुवर्षं इथल्या चौथीच्या मुलांनी साखरेच्या क्यूबचं, नाहीतर थर्माकोलचं मिशन बनवून आणायचं, ही प्रथाच होती. आपल्या दिवाळीतल्या किल्ल्यासारखंच. फरक इतकाच की किल्ला पोरं चिखलात हात घालून स्वतः करायची आणि इथलं मिशन रात्री अकरा वाजता बाबा करायचे. आपले बाबा इंजिनिअर! एका मिशनच्या घंटेला मोटर बसवलेली मी पाहिली आहे. २०१६ च्या राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्याने हे थांबवा असं स्पष्ट म्हटलं. प्रतिकृती बनवून त्या काळाबद्दल काही कळत नाही आणि अनेकांना ती खुपते, हे त्यामागचं कारण.

का खुपते? मिशनची गोष्ट बराच काळ पाद्री, द्राक्षमळे आणि घंटा अशीच सांगितली गेली. विटा कुणी थापल्या, गुरं कुणी राखली, हे त्यात नसायचं. बाप्तिस्मा घेतलेल्या मूळ रहिवाशाला मिशन सोडून जायची मुभा नव्हती. पळून गेला तर सैनिक धरून आणायचे, फटके बसायचे. वयात आलेल्या मुलींना रात्री एका खोलीत कुलूपबंद ठेवायचे. साथी आल्या की माणसं पटापट मरायची. बहुतेक मिशनांत जन्मांपेक्षा मृत्यू जास्त होते.

दहा वर्षांच्या मुलांना हे कसं शिकवायचं, असं पालक विचारतात. मी काय करते, ते सांगते. रायगडावर जगदीश्वराच्या पायरीवर हिरोजींचं नाव कोरलेलं आहे. गड बांधणाऱ्याचं नाव आपल्याला ठाऊक आहे. मिशन बांधणाऱ्यांची नावं पायरीवर नाहीत, पण वहीत आहेत. पाद्री लोक हिशेबाला पक्के. बाप्तिस्मा, लग्न, दफन, सगळं ते लिहून ठेवायचे. हंटिंग्टन ग्रंथालयाने एकवीसही मिशनांच्या त्या नोंदी एकत्र करून इंटरनेटवर मोफत ठेवल्या आहेत. नुसत्या बाप्तिस्म्यांच्याच एक लाखाच्या वर आहेत. मी मुलांच्या एकेका जोडीला अशी एकेक नोंद देते: क्रमांक, दिलेलं स्पॅनिश नाव, मूळ गाव, अंदाजे वय, असलीच तर आई-वडिलांची नावं. मग त्याच माणसाची दफनाची नोंद शोधायला लावते. वजाबाकी मुलंच करतात. बाप्तिस्मा झाला तेव्हा दोन वर्षांची, पुरली तेव्हा चार. वर्गात कुणीतरी विचारतंच, "मग तिची आई कुठे होती?" तो प्रश्न फळ्यावर लिहायचा आणि आईची नोंद शोधायला लागायचं. मला वेगळं व्याख्यान द्यावं लागत नाही.

फ्रीमाँटकर मंडळी इथे भरपूर दिसताहेत. तुमच्या गावातलं मिशन सॅन होजे म्हटलं की आपल्याला आधी शाळेचं रँकिंग आठवतं आणि मग घराचा भाव. ते मिशन १७९७ चं. मूळ चर्च १८६८ च्या भूकंपात कोसळलं, आज दिसतं ते गेल्या शतकात पुन्हा बांधलेलं. तिथून जवळच वॉशिंग्टन बुलव्हार्डवर ओलोनींची दफनभूमी आहे. तिथल्या फलकावर चार हजार माणसांचा उल्लेख आहे. आपण तिच्यावरून रोज गाडी हाकतो.

याच मिशनमधला एस्तानिस्लाओ हा माझ्या वर्गातला सगळ्यांत लाडका माणूस. योकुट्स जमातीचा, मिशनमध्ये मानाच्या पदावर असलेला. १८२० च्या दशकाच्या शेवटी तो रानात निघून गेला, परत येणार नाही म्हणून निरोप धाडला आणि आजूबाजूच्या लोकांना जमवलं. नदीकाठच्या दाट झाडीत खंदक खणून त्याने मेक्सिकन सैन्याची (तेव्हा कॅलिफोर्निया मेक्सिकोकडे होता) एक चढाई परतवून लावली. १८२९ मध्ये व्हायेहो हा मेक्सिकन अधिकारी तोफ घेऊन चालून आला, रान पेटवलं, तेव्हा कुठे ते बंड मोडलं. पुढे तो मिशनमध्ये परतला आणि पाद्र्यानेच त्याला माफी मिळवून दिली. ही गोष्ट ऐकताना आपली पोरं कशी सरसावून बसतात ते बघा. गनिमी कावा त्यांना कुणी समजावून सांगावा लागत नाही! त्या नदीचं आणि त्या काउंटीचं नाव आज स्टॅनिस्लॉस. योसेमिटीला जाताना मोडेस्टो, ओकडेल लागतं ना, तीच.

आता आपल्या माणसांकडे येते, कारण ती या इतिहासात आपण समजतो त्याच्या कितीतरी आधी आली आहेत. १९१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतून ब्रिटिश राजवटीविरुद्धचं 'गदर' हे पत्र निघायला लागलं. त्या चळवळीत बहुसंख्य पंजाबी शेतमजूर आणि लाकूड गिरण्यांतले कामगार होते, पण वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे होते आणि तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळेही होते. पिंगळे मेरठला घोडदळाच्या छावणीत बॉम्बसकट पकडले गेले आणि १६ नोव्हेंबर १९१५ ला कर्तारसिंग सराभांबरोबर लाहोरला फासावर गेले. खानखोजे पुढे मेक्सिकोत शेतीचे प्राध्यापक झाले, डिएगो रिवेरांच्या भित्तिचित्रात जाऊन बसले आणि अखेर नागपूरला परतले. सॅन फ्रान्सिस्कोत वुड स्ट्रीटवर गदर स्मारक आजही आहे. आपल्यापैकी किती जण तिथे गेलेत? हात वर करा. (दोन हात वर.) वाटलंच होतं.

एक अडचण मात्र सांगायला हवी. राज्याच्या परीक्षेत इंग्रजी आणि गणित असतं, पाचवीला विज्ञान असतं. इतिहास कुठल्याच इयत्तेत नसतो. साहजिकच वेळापत्रकात ओढाताण झाली की पहिला बळी इतिहासाचा तास. पालकसभेला आपण गणिताच्या वरच्या गटाबद्दल तावातावाने भांडतो. "यंदा इतिहास किती शिकवला?" असं विचारणारे मराठी पालक मला अजून भेटायचे आहेत. तुम्ही विचारलंत तर मुख्याध्यापक नोंद घेतात. पालकांच्या प्रश्नाला इथे वजन आहे, ते नुसतं गणितावर खर्चू नका.

आणि आपल्या रविवारच्या मराठी शाळेत शिवचरित्र जरूर शिकवा. पण ते शिकवताना किल्ला कुणी बांधला, चुना कुणी मळला, रसद कुणी वाहिली हेही मुलांना विचारू द्या. हीच मुलं मग सोमवारी माझ्या वर्गात येऊन मिशनबद्दल तेच विचारतात. मला फार सोपं जातं.

मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मंडळाची सहल नेतोय. आधी मिशन सॅन होजे, मग ओलोनींची दफनभूमी आणि दुपारी सॅन फ्रान्सिस्कोला गदर स्मारक. आजी-आजोबांना बसमध्ये पुढच्या सीट. नावं बाहेरच्या टेबलावर द्या. पुलाव मंडळाचा, पाण्याच्या बाटल्या ज्याच्या त्याने आणायच्या. आणि मुलांनी पेन्सिल-वही. आईबाबांनीसुद्धा.