दुसऱ्याच्या पोटातले जंतू आपलं आतडं बरं करतील का?

नमस्कार मंडळी, सोलापुरातून बोलतोय. आजचा विषय शौचाचा आहे, आणि तो मी मुद्दाम घेतलाय. याबद्दल बोलायची लाज वाटते म्हणून माझ्या मावसबहिणीची दोन वर्षं वाया गेली.

ताईला शौचातून रक्त जायचं. घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं, मूळव्याधच आहे. चूर्णं झाली, मलमं झाली. कडक भाकरी आणि शेंगाचटणी ताटातून गेली. शेवटी दुर्बिणीनं तपासणी झाली तेव्हा खरं नाव कळलं, अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आणि व्रण. याच घराण्यातला दुसरा आजार क्रोन्स. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठंही होऊ शकतो. दोन्ही मिळून आयबीडी, म्हणजे आतड्याला दीर्घकाळ सूज राहणारे आजार.

ताईनं मला विचारलं, "माझ्या पोटात कुठला जंतू शिरलाय रे?"

तर ताई, एक जंतू शिरलाय असं नाही. आपल्या आतड्यात कोट्यवधी जीवाणू जन्मापासून राहतात. भाकरीतला, डाळीतला जो चोथा आपल्याला पचत नाही तो ते आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्याच्यावरच जगतात. आयबीडीत या वस्तीचा तोल गेलेला दिसतो. प्रकार कमी होतात, ब्युटिरेट बनवणारे घटतात.

२००८ मध्ये फ्रान्समधल्या हॅरी सोकोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिकॅलिबॅक्टेरियम प्रॉस्निट्झी या जीवाणूवरचं काम मांडलं. क्रोन्समुळं आतड्याचा भाग कापावा लागलेल्या रुग्णांत ज्यांच्याकडं हा जीवाणू कमी होता, त्यांचा आजार सहा महिन्यांत उलटण्याचं प्रमाण जास्त होतं. उंदरांना तो दिल्यावर आतड्याची सूज उतरली.

पण आधी काय झालं? जंतू बिघडले म्हणून सूज आली, की सूज आली म्हणून जंतू बिघडले? यावर उंदरांचाच एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. इंटरल्युकिन-१० हा सूज आवरणारा पदार्थ ज्यांच्या शरीरात बनत नाही, अशा उंदरांना आतड्याचा दाह होतो. तेच उंदीर पूर्ण निर्जंतुक जागेत वाढवले तर होत नाही. म्हणजे नुसता शरीराचा दोष पुरत नाही, जंतूही लागतात. आणि तेही साधे, नेहमीचे जंतू. प्रतिकारशक्ती घरच्याच माणसांवर काठी उगारते, असं समजा.

मग निरोगी माणसाचे जंतू आणून सोडले तर? हे खरंच करून पाहिलंय. निरोगी दात्याचं शौच तपासून, गाळून रुग्णाच्या आतड्यात सोडतात. २०१५ मध्ये कॅनडात कोलायटिसच्या ७५ रुग्णांवर चाचणी झाली. उपचार मिळालेल्यांपैकी ९ जणांचा आजार शांत झाला, नुसतं पाणी मिळालेल्यांत २ जणांचा. आणि गंमत पुढं आहे. त्या ९ पैकी ७ जणांना एकाच दात्याचं शौच मिळालं होतं! त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या चाचणीत मात्र ठळक फरक दिसला नाही. त्या एका दात्याकडं असं काय होतं, हे कळलं तर पुढचं औषध तिथून निघेल असं मला मनापासून वाटतं.

पण ते अजून हाती आलेलं नाही. म्हणून सांगतो, व्हॉट्सॲपवर आलेली जंतूंची पावडर घेऊन डॉक्टरांची गोळी बंद करू नका. ताईनं तीन आठवडे केलं होतं. रक्त परत सुरू झालं. आणि शौच-रोपण घरी करायची गोष्टच नाही. दात्याचे जीवघेणे जंतूही त्यासोबत येऊ शकतात.

आपल्याकडं आणखी एक अडचण आहे. आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्स दुर्बिणीतूनही सारखेच दिसू शकतात. क्रोन्स समजून प्रतिकारशक्ती दाबणारं औषध दिलं आणि आत टीबी असला, तर तो उफाळतो. त्यामुळं डॉक्टरांनी आतड्याचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला, टीबीच्या चाचण्या सांगितल्या, तर खर्च वाढवतायत असं समजू नका.

शौचातून रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, वजन उतरणं, यातलं काही असेल तर सिव्हिलला किंवा पोटाच्या डॉक्टरांकडं जा. जाताना जुने सगळे रिपोर्ट घ्या. ताईची फाईल आता दोन बोटं जाड झालीय, आणि गेल्या हुरड्याला तिनं आमच्याबरोबर शेतात बसून चार घास खाल्ले.