गप्प बाळाचे दुखणे

(सांगली येथे पालक, परिचारिका आणि आशा सेविका यांच्यासमोर एका भूलतज्ज्ञाने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येते, एखाद्या बाळाच्या छातीत डॉक्टरांना हृदयाचा वेगळा आवाज ऐकू येतो, आणि जत, आटपाडी किंवा शिराळ्यातल्या आईवडिलांच्या हृदयशस्त्रक्रियेसाठी पुण्या-मुंबईच्या फेऱ्या सुरू होतात. योजनेत नाव बसेल का, रक्त कोण देईल, शस्त्रक्रियेला किती तास लागतील, हे सगळे ते विचारतात. बाळाला दुखेल का, आणि दुखले तर तुम्हाला ते कसे कळेल, हे मात्र फार थोडे जण विचारतात. आज मी तेवढ्याच प्रश्नाविषयी बोलणार आहे.

हा प्रश्न डॉक्टरांनीही फार उशिरा विचारला, हे प्रथम कबूल केले पाहिजे. १९८० च्या दशकापर्यंत जगातल्या मोठ्या रुग्णालयांतही कित्येक तान्ह्या बाळांवर, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर, स्नायू शिथिल करणारे औषध आणि अगदी हलकी भूल एवढ्यावरच शस्त्रक्रिया होत असत. तान्ह्या बाळाचे मज्जातंतू अपक्व असतात, त्यामुळे त्याला वेदना कळत नाहीत, अशी समजूत होती. शिवाय भुलीची जोरदार औषधे त्या इवल्या हृदयाला झेपणार नाहीत, ही भीतीही होती. मूळचे भारतीय असलेले डॉ. कंवलजीत आनंद यांनी ऑक्सफर्डमध्ये केलेल्या आणि १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने या समजुतीला धक्का दिला. हृदयाजवळची उघडी राहिलेली रक्तवाहिनी बांधण्याच्या शस्त्रक्रियेत ज्या बाळांना फेंटॅनिल हे वेदनाशामक दिले होते, त्यांच्या शरीरावरचा ताण कमी राहिला आणि नंतरचे त्रासही कमी झाले. पुढे १९९२ साली त्यांनी आणि त्यांचे सहकारी डॉ. हिकी यांनी हृदयशस्त्रक्रिया झालेल्या ४५ नवजात बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हलकी भूल आणि नंतर अधूनमधून मॉर्फिन हे वेदनाशामक मिळालेल्या १५ बाळांपैकी ४ दगावली. वेदनाशामकाची मोठी मात्रा देऊन खोल भूल मिळालेल्या ३० पैकी एकही दगावले नाही. संख्या लहान आहे, हे खरे. पण त्या चार बाळांचा विचार मनातून जात नाही.

वेदनेमुळे असे का व्हावे? दुखते तेव्हा शरीरात ॲड्रेनलिन हे ताणाचे संप्रेरक वाढते, नाडी धावू लागते, आणि नुकत्याच शिवलेल्या हृदयावरचा भार वाढतो. ज्या बाळाच्या हृदयाला छिद्र असल्याने फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब आधीच वाढलेला असतो, त्याच्या त्या वाहिन्या श्वासनळीतला कफ ओढतानाच्या एवढ्याशा त्रासानेही एकाएकी आकसू शकतात, आणि पाहता पाहता बाळ निळे पडते. म्हणून अशा बाळाचे दुखणे थांबवणे हा हृदयाच्या उपचाराचाच भाग आहे.

मला हे एका आईने शिकवले. उमेदवारीच्या काळात मी अतिदक्षता विभागात होतो. सात महिन्यांची एक मुलगी शस्त्रक्रियेनंतर कृत्रिम श्वासाची नळी काढून स्थिर झाली होती आणि अगदी शांत पडून होती. औषधाने श्वास मंदावेल या धास्तीने मी मॉर्फिन कमी केले. काचेपलीकडून आत आलेली आई मला म्हणाली, "झोपल्याली न्हाई ती डाक्टर, गप पडलीया." मी वाकून पाहिले. डोळे अर्धवट उघडे होते, भुवया आवळलेल्या होत्या, उजव्या हाताची मूठ घट्ट मिटलेली होती, आणि श्वास इतका वरवरचा चालला होता की छाती जेमतेम हलत होती. श्वास घेतला की दुखत होते, म्हणून ती श्वासच पुरता घेत नव्हती. मात्रा पूर्ववत केल्यावर काही वेळाने मूठ सुटली. ती चूक माझी होती, आणि त्या आईला मी तेव्हा तसे सांगितले नाही, याची खंत अजून आहे.

आज यासाठी मोजपट्ट्या आहेत. चेहरा, पाय, अंगाची हालचाल, रडणे आणि समजावल्यावर शांत होणे, या प्रत्येकाला ० ते २ गुण देऊन १० पैकी बेरीज करतात. पण श्वासनळीत नळी असलेल्या बाळाच्या रडण्याला आवाज नसतो आणि स्नायू शिथिल केलेल्या बाळाला हालचालही करता येत नाही. तिथे नाडी, रक्तदाब आणि डोळ्यांतले पाणी पाहावे लागते. शिवाय तळमळीचे कारण भूक, तुंबलेली लघवी किंवा कमी पडलेला प्राणवायू हेही असू शकते, म्हणून आधी ते तपासायचे आणि मग औषधाकडे वळायचे.

औषधांत मॉर्फिन किंवा फेंटॅनिल हा पहिल्या दिवसांचा आधार असतो. महिन्याच्या आतल्या बाळाचे यकृत मॉर्फिनचा निचरा सावकाश करते, म्हणून मात्रा कमी ठेवून सतत लक्ष ठेवावे लागते. जोडीला शिरेतून पॅरासिटामॉल दिल्यास मॉर्फिन कमी लागते. ही औषधे पाच-सात दिवसांहून अधिक चालली, तर ती एकदम बंद न करता टप्प्याटप्प्याने उतरवतात, नाहीतर बाळ थरथरते, घामाघूम होते, त्याला जुलाब लागतात. हे व्यसन नव्हे. शरीराला झालेली सवय आहे. सुई टोचण्याआधी जिभेवर साखरेच्या पाण्याचे थेंब देणे किंवा परवानगी असल्यास अंगावर पाजणे, याचा उपयोगही अभ्यासांतून सिद्ध झालेला आहे. शस्त्रक्रियेनंतर साचणारे रक्त-पाणी वाहून जाण्यासाठी छातीत ठेवलेली नळी काढताना मात्र तेवढ्याने भागत नाही, तिथे आधी औषध द्यावेच लागते.

घरी आल्यावरच्या दोन गोष्टी मला आग्रहाने सांगायच्या आहेत. पॅरासिटामॉलचे थेंब आणि सिरप यांची तीव्रता सारखी नसते. एका मिलिलिटर थेंबांत बहुधा १०० मिलिग्रॅम औषध असते, तर नेहमीच्या सिरपच्या पाच मिलिलिटरमध्ये कुठे १२०, कुठे २५०. बाटली बदलली की मापही बदलते. त्यामुळे डॉक्टरांकडून मिलिलिटरमध्ये लिहून घ्यावे आणि घरातल्या चमच्याऐवजी सिरिंजने मोजावे. दुसरी गोष्ट आजीसाठी. शस्त्रक्रियेत कापलेले छातीचे मधले हाड सांधायला साधारण सहा आठवडे लागतात. तोवर बाळाला काखेत हात घालून उचलू नये. एक हात मानेखाली, दुसरा कुल्ल्यांखाली घेऊन उचलावे. न्हाऊ घालताना पायांवर पालथे घेऊ नये, छातीला तेल चोळू नये.

औषध देऊनही बाळ कण्हत असेल, दूध ओढताना घामेजत असेल, जखमेतून पाणी किंवा पू येत असेल, ताप असेल किंवा हात लावल्यावर छातीचे हाड हलल्यासारखे वाटत असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.