निन्जा स्क्रोल: तलवार जुबेईची, तोड कागेरोची

नमस्कार मंडळी! आज थेट बांबूच्या बनात जाऊया.

[पडद्यावर: बांबूचं बन, वारा, पानांची सळसळ]

समोर मुजुरो, आंधळा तलवारबाज. डोळ्यांची उणीव त्याचे कान भरून काढतात. आपला नायक जुबेई जिवाच्या आकांताने वार चुकवतोय आणि पुरता कोंडीत सापडलाय. मुजुरो शेवटचा घाव घालतो... आणि खण्ण! तलवार मध्येच अडते. आधीच्या झटापटीत जुबेईच्या साथीदारणीची, कागेरोची, छोटी तलवार उडून एका बांबूत रुतलेली असते. मुजुरोला सगळं ऐकू येतं, पण गप्प उभं असलेलं लोखंड कसं ऐकू येणार? तेवढ्या क्षणात जुबेई काम तमाम करतो.

हा सिनेमा म्हणजे 'निन्जा स्क्रोल', एक जपानी ॲनिमेशनपट. साल 1993, स्टुडिओ मॅडहाउस, लेखक-दिग्दर्शक योशिआकी कावाजिरी. लांबी जेमतेम दीड तास. आधीच सांगतो, पोराबाळांना घेऊन बसायचा हा सिनेमा नाही. रक्त आहे, नग्नता आहे, लैंगिक अत्याचाराचे प्रसंग आहेत. आणि इथून पुढे शेवटही फोडणार आहे. ज्यांना तो टाळायचाय त्यांनी आत्ताच रजा घ्या, मी रागावणार नाही.

गोष्ट सरंजामी जपानमधली. जुबेई हा भाडोत्री, भटका तलवारबाज. दाकुआन नावाचा एक म्हातारा, कमालीचा बेरकी सरकारी हेर त्याच्या अंगात विष भिनवतो आणि म्हणतो, माझं काम कर, मग उतारा देतो. काम काय, तर 'किमोनचे आठ दैत्य' नावाच्या अचाट शक्तींच्या निन्जा टोळीशी भिडायचं. एकाची कातडी दगडाची, एकीच्या अंगावर साप, एकाच्या पाठीच्या कुबडात गांधीलमाश्यांचं पोळं, एक सावलीत शिरणारा. आणि यांचा म्होरक्या गेम्मा, ज्याचं मुंडकं उडवलं तरी परत जोडलं जातं!

प्रत्येकाचा एकच हुकमी डाव. कुस्तीच्या फडाला जाणारे लोक म्हणतात ना, डाव आहे तिथे तोड आहे. सिनेमा त्याच हिशोबाने चालतो. ही कल्पना कावाजिरींची एकट्याची नाही. फुतारो यामादा या कादंबरीकाराने 1958 मध्ये सुरू केलेल्या 'कोगा निन्पोचो'मध्ये दोन निन्जा घराणी अशाच अचाट विद्यांनी एकमेकांना संपवतात. त्यातही एक कागेरो आहे, आणि तिचा श्वास विषारी होतो. उसनवारी अगदी उघड आहे.

आता आपल्या कागेरोकडे या. ती मोचिझुकी घराण्याची निन्जा. काम काय? वरिष्ठांच्या ताटातलं अन्न आधी चाखून बघायचं. चाखता चाखता तिचं शरीरच विष झालंय. आपल्याकडे 'मुद्राराक्षस' या संस्कृत नाटकात विषकन्या असते, पण ती मुद्दाम शत्रूवर सोडलेली. कागेरोच्या बाबतीत विष हा नोकरीचा गाळ आहे. तिला कुणी स्पर्श करू शकत नाही, आणि जो जबरदस्ती करतो तो मरतो.

दगडी कातडीचा तेस्साई आठवा. तो तिच्यावर हात टाकतो, जुबेई तिला सोडवतो. पुढे दोघांची लढत होते तेव्हा तेस्साईची ती दगडी कातडी साथ सोडते. का? तर कागेरोचं विष भिनलंय. बांबूच्या बनात कुणाचं पातं होतं? कागेरोचं. आणि जुबेईच्या अंगातल्या विषावर उतारा कोणता? तिचंच विष! दाकुआनला ते ठाऊक आहे, पण जुबेई तिला औषधासारखं वापरायला नकार देतो. ती मरता मरता त्याचं चुंबन घेते, तेव्हा कुठे तो वाचतो.

म्हणजे बघा, पोस्टरवर जुबेई, पण सगळी तोड कागेरोकडून. आणि हाच सिनेमा तिच्यावरच्या अत्याचाराकडे कॅमेरा रेंगाळत ठेवून बघतो. 'त्या काळी असंच चालायचं' असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. ते प्रसंग निम्मे केले असते तरी कथेचा एक टाका उसवला नसता.

मग तरीही का बघायचा? तर त्याच्या थांबण्यासाठी.

[पडद्यावर: काळं-निळं आकाश, स्थिर चेहरा]

सिनेमात सेकंदाला 24 फ्रेम असतात. जपानी ॲनिमेशनमध्ये बऱ्याचदा एकच चित्र तीन फ्रेम धरून ठेवतात, खर्च वाचतो. कावाजिरी त्या काटकसरीचाच डाव करतात. माणूस पुतळ्यासारखा उभा, फक्त गवत हलतंय. मग एक लखलखाट. वार दिसतच नाही, झालेला असतो. आपण दचकतो ते त्या शांततेमुळे.

'द मॅट्रिक्स' बनवणाऱ्या वाचोव्स्की भावंडांवर याचा मोठा प्रभाव होता. 2003 मध्ये 'द ॲनिमॅट्रिक्स' हा मॅट्रिक्सच्या जगातल्या छोट्या ॲनिमेशन फिल्म्सचा संग्रह निघाला, त्यातली 'प्रोग्राम' ही छोटी फिल्म त्यांनी कावाजिरींकडेच सोपवली. पुन्हा जुना जपान, पुन्हा द्वंद्व. फक्त या वेळी नायक बाई आहे, सिस. समोरच्याची तलवार ती दोन्ही तळव्यांत पकडते, मोडते, आणि तेच तुटलेलं पातं त्याच्यात खुपसते.